हलगी शेकताना

आमच्या खोलीत दाराच्या वरच्या खिळ्याला एक पोतं टांगलेलं आहे. पोत्यात हलगी. माझ्या जन्माच्या आधीपासून ती तिथं आहे. लहानपणी हात लावायला गेलो की आई ओरडायची, "हात लावू नगंस, आबांची हाय." आबा म्हणजे माझा आज्जा. आबांनी ती कधी वाजवली नाही. विकली नाही, फेकलीही नाही. दोनदा घर बदललं. भांडी मागं राहिली, पोतं बरोबर आलं.

ही गोष्ट त्या पोत्याची आणि आमच्या वस्तीतल्या पाच शिकणाऱ्या पोरांची.

आधी माझं सांगतो. वय सव्वीस. दहावीला दोनदा बसलो, दोन्ही वेळा गणितानं आडवा पाडला. इचलकरंजीजवळ एका सूतगिरणीत रिंग फ्रेमवर आहे. तुटलेला धागा सांधायचा, भरलेल्या बॉबिना उतरवायच्या, रिकाम्या चढवायच्या. खात्यात बोललेलं ऐकू येत नाही. आम्ही ओठांनी, बोटांनी, शिट्टीनं बोलतो. धागा तुटू नये म्हणून खात्यात दमट हवा सोडतात, त्याला वेगळं यंत्र आहे. माणूस तुटू नये म्हणून यंत्र नाही. कविता मी याच खात्यात करतो. कागद नसतो. चार ओळी डोक्यात घोळवत ठेवायच्या आणि पाळी सुटली की गेटवर उतरवून काढायच्या. निम्म्या वाटेतच सांडतात. उरतात त्या तुम्ही वाचता.

अक्षर शाळेनं शिकवलं, पण वाचायला लावलं अण्णा भाऊंनी. वाटेगाव आमच्यापासून काही लांब नाही. दीड दिवस शाळेत गेलेला माणूस, चालत मुंबई गाठली, गिरणीत राबला, आणि १९५९ साली 'फकिरा' लिहून बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. रात्रपाळीला जेवणाच्या सुट्टीत मी 'फकिरा' वाचली. पानांना कापसाचे तंतू चिकटलेले. गिरणीतल्या माणसानं लिहिलेलं गिरणीतला माणूस वाचतोय, एवढ्यानंच मला लई धीर आला.

आता पोरांचं. माझी धाकटी बहीण बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. आत्याचा पोरगा चित्रकलेच्या कॉलेजात. दोघं भाऊ बारावीला, ते तालमीच्या मैदानात कुस्त्यांना हलगी-घुमकं वाजवतात. पाचवा आयटीआयचा, मोबाईलवर सिनेमा कापायला-जोडायला कुठंतरी बघून बघून शिकलेला. पाचही जणांची फी कुणाच्या ना कुणाच्या यंत्रमागावरच्या पगारातून जाते.

२०२३ च्या उन्हाळ्यात यांनी रविवारी समाजमंदिरात सिनेमे दाखवायला सुरुवात केली. भिंतीवर चादर, भाड्याचा प्रोजेक्टर, खाली चवाळं. पहिला दाखवला नागराज मंजुळेचा 'फँड्री', २०१३ चा. शेवटी जब्या दगड भिरकावतो आणि तो सरळ बघणाऱ्याच्या तोंडावर येतो. चादरीपुढं बसलेली बारकी पोरं खरोखर मागं सरली. म्हातारी माणसं सरली नाहीत. एक म्हातारी म्हणाली, "एवढ्या उशिरा मारला व्हय?"

मग दाखवला 'कोर्ट', २०१४ चा. गटारात उतरलेला माणूस मरतो आणि खटला भरतात शाहिरावर, का तर म्हणे त्याच्या गाण्यानं तो मेला. शाहिराचं काम करणारे वीरा साथीदार खऱ्या आयुष्यातही चळवळीतले. १३ एप्रिल २०२१ ला कोरोनानं नागपुरात गेले. त्यानंतर आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड', २०११ चा. चौदा वर्षं लागली तो करायला. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी गोळ्या घातल्या, दहा माणसं गेली. ते बघून शाहीर विलास घोगरेंनी गळफास घेतला. सिनेमा तिथून सुरू होतो. तीन तासांच्या वर आहे. सकाळी पहिल्या पाळीला जायचं असलेली माणसंसुद्धा उठली नाहीत. संपल्यावर कुणी टाळी वाजवली नाही. चवाळं तेवढं गुंडाळलं.

त्या रात्री बहीण म्हणाली, "दादा, सगळं आपल्याबद्दल हाय, पर आपण केल्यालं काय हाय?"

आमचा जिल्हा म्हणजे कलानगरी. भाषणात हा शब्द आल्याशिवाय पुढाऱ्याला घास गिळत नाही. खोटं नाही ते. बाबूराव पेंटर, सुतारकाम करणाऱ्या घरातला, कुठल्या कलाशाळेत न गेलेला माणूस. १९१८ च्या सुमारास त्यांनी कोल्हापुरात स्वतःच्या हातानं कॅमेरा तयार केला, आणि १९२० ला त्याच कॅमेऱ्यावरचा 'सैरंध्री' लोकांपुढं आणला. पुढं १९२५ ला 'सावकारी पाश' केला. सावकार जमीन गिळतो आणि शेतकरी शहरात येऊन गिरणी कामगार होतो, ही त्याची गोष्ट. म्हणजे माझ्या आज्ज्याचीच म्हणा, फक्त आज्ज्याला गिळायला जमीनही नव्हती. बाबूरावांबद्दल मला आदर आहे. हातानं कॅमेरा करणारा माणूस हा आमच्याच जातीचा, म्हणजे कामकऱ्याच्या. पण या कलानगरीत आमचा मांगवाडा कुठं होता? वरातीच्या पुढं होता. मिरवणुकीच्या पुढं, कुस्तीच्या मैदानात, मढ्याच्याही पुढं. आवाज आमचा आणि कलानगरी त्यांची.

आत्याच्या पोराची एक गोष्ट सांगायची राहिली. शाळेत असताना तो चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेची तयारी करत होता. त्यात स्मरणचित्र म्हणून एक विषय असतो. डोळ्यांपुढं काही न ठेवता आठवणीतलं काढायचं. सरावाला विषय आला लग्नाची वरात. त्यानं घोडा काढला, नवरा काढला, बाया काढल्या, आणि सगळ्यांच्या पुढं एक वाकलेला हलगीवाला काढला, अंगात फाटकी बंडी. शिकवणारे म्हणाले, "चित्र छान आहे, पण हा काढून टाक. त्याजागी बँडवाले घाल, लाल कोटातले. रंग उठून दिसेल." त्यानं खोडरबरानं घासलं. कागद पातळ झाला. ज्याचं स्मरण त्याचं नाही, त्यानं स्मरणचित्र काढायचं कसं? पुढं कॉलेजात गेल्यावर त्यानं सवी सावरकरांची चित्रं मोबाईलवर बघितली. गळ्यात मडकं, कमरेला फडा. मला दाखवायला गिरणीच्या गेटवर आला. म्हणाला, "दादा, हे काढाय चालतंय!" चालतंय हा शब्द त्यानं दोनदा म्हटला.

तर पोरांनी ठरवलं, १ ऑगस्टला अण्णा भाऊंच्या जयंतीला आपण आपला सिनेमा दाखवायचा. दहा मिनिटांचा. विषय हलगी. मंडळाकडं गेली. मंडळाची वर्गणी डीजेला ठरलेली. मंडळातले आमचेच. म्हणाले, "वरच्या गल्लीत डीजे लागतोय, आन आपण काय चादर लावून बसायचं?" त्यांचंही चुकत नव्हतं. ज्यानं जन्मभर दुसऱ्याच्या वरातीत वाजवलं, त्याला आपल्या मिरवणुकीत दुसऱ्याचा आवाज भाड्यानं आणावासा वाटणारच. लई ओढाताण झाली. शेवटी मिरवणुकीआधी पाऊण तास दिला. पैसा नाही.

पोरांनी मला लिहायला सांगितलं. मी फुगलो. तीन रात्रपाळ्या घोळवून एक लांब कविता केली. हलगी म्हणजे आमचं कातडं, हलगी म्हणजे बंड, असं बरंच काही. बहिणीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं हाय. आता आबा वाजवताना घ्यायचं, मागं तुझी कविता."

आबा वाजवताना! मी पोत्याकडं बघितलं.

तिनं विचारलं. आबा नाही म्हणाले. आठ दिवसांनी परत विचारलं, परत नाही. महिनाभर हे चाललं. एकदा दोघं भाऊ आपली हलगी घेऊन दारात आले आणि आबांना ऐकवायला म्हणून वाजवू लागले. आबा उठून पाणी तापवायच्या चुलीपाशी जाऊन बसले. शेवटी बहीण चिडली. मोबाईल त्यांच्यापुढं धरून म्हणाली, "आबा, अहो ही आपली कला हाय. लाज कसली वाटतीया?"

आबांनी तिच्याकडं बघितलं. मग सांगायला लागले. मोबाईल चालू होता का बंद, हे त्यांनी विचारलं नाही. बहिणीनं तो आपणहून खाली ठेवला.

"बहात्तर साल. उन्हाळा. पाटलाच्या घरात लगीन. माझी पैली पोरगी सात म्हैन्याची हुती. उलट्या लागल्याल्या. मी वाड्यावर सांगाय गेलो, आज येत न्हाई, पोरगी हातची चाललीया. त्यांचा माणूस म्हनला, पोरगी दुसरी हुईल, वरात दुसरी हुत न्हाई. गेलो. सांजंपासनं वाजीवली. मध्यान रातीला घरला आलो तर दारात बाया बसल्याल्या."

कुणी बोललं नाही.

"ते न्हाई मला सोसलं म्हनतोस का? ते सोसलं. गरिबाची पोरं मरत्यातच. सोसलं न्हाई ते दुसरंच. वरातीत मला ठावं हुतं घरी काय चाललंय ते. आन माझा हात चुकला न्हाई. एक ठोका चुकला न्हाई बग. लोक नाचत हुते आन हात ताल सोडंना. त्या हाताची मला भ्या वाटली."

त्याच साली पाऊस गेला. आबा दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. १९७३ ला इचलकरंजीत येऊन मागावर लागले. येताना हलगी पोत्यात घातली आणि खिळ्याला लावली. गावातून दोनदा बोलावणं आलं. गेले नाहीत.

"ती म्या माझ्या हातानं खाली ठिवली. जन्मात माझ्या मनानं केल्याली हीच एक गोष्ट हाय. तुमी वाजवा, मी नगं म्हनत न्हाई. तुमास्नी कोन सांगाय आलं न्हाई, तुमच्या मनानं वाजवताय. पर माझ्याफुडं ते धरून मला वाजीव म्हनू नगंसा. म्हनलीस की तूबी पाटीलच."

मित्रांनो, मी पुष्कळ कविता वाचल्या. कला म्हणजे काय यावर शिकल्या-सवरल्या लोकांनी केलेली चर्चा वाचली. निम्मी कळली नाही. पण त्या रात्री चुलीपाशी मला एक गोष्ट कळली. वाजवता येणं ही आमची कला नव्हती. ते तर आमच्याकडून पिढ्यान्पिढ्या काढूनच घेतलं, शिळ्या भाकरीच्या टोपल्यावर. नको म्हणता येणं, तिथून कला सुरू होते. आणि आम्ही पोरं, आपल्याच माणसाच्या तोंडापुढं कॅमेरा धरून, त्याचं ते एवढंसं नको काढून घ्यायला निघालो होतो. वर त्याला जयंतीचं नाव देणार होतो.

बहीण दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तिला एक मोठी आत्या होती हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. आईलाही नाही. नाव विचारलं तर आबा म्हणाले, ठेवलं नव्हतं.

पोरांनी सिनेमा बंद केला नाही. दुसरा करायला घेतला. यंत्रमागाच्या खात्यातला खडखडाट घेतला. वेस्ट कापूस निवडणाऱ्या बायांचे हात घेतले, प्रत्येकीला विचारून. दोघी नको म्हणाल्या, त्यांचे घेतले नाहीत. भावांची हलगी घेतली. तिथं एक अडचण आली. हलगी जवळून घेतली की मोबाईलमध्ये आवाज फाटतो, पत्र्यावर दगड पडल्यासारखा. लांबून घेतली की वस्तीतला सगळा गोंगाट येतो. शेवटी आयटीआयच्या पोरानं युक्ती केली. मी खिशात घरी आणलेला कापसाचा पुंजका मोबाईलच्या माईकवर बसवला. आवाज बसला, गोल झाला. गिरणीचा कापूस पहिल्यांदा माझ्या कामाला आला.

आबा हे सगळं लांबून बघायचे. एका संध्याकाळी भाऊ वाजवत होते आणि आबा एकदम म्हणाले, "ही काय वाजतीया? ताट वाजल्यागत." त्यांची हलगी फायबरची. आता बहुतेक जण तीच घेतात. पावसात भिजत नाही, शेकावी लागत नाही. आबांची कातड्याची. कातडं हवेतला ओलावा पितं, सैल पडतं. वाजवायच्या आधी जाळावर धरून शेकावी लागते. जास्त झाली तर फुटते, कमी झाली तर बोलत नाही.

आबा उठले. स्टुलावर चढले. पोतं काढलं.

आम्ही जागेवरच राहिलो. त्यांनी अंगणात पाचट आणि काटक्या पेटवल्या. हलगी जाळावर धरून फिरवू लागले, भाकरी फिरवावी तशी. मध्येच बोटाच्या पेरानं टिचकी मारून कान लावायचे. पन्नास वर्षांचं कातडं. मला वाटलं आता फुटणार. बहिणीनं लांबूनच विचारलं, "आबा, हात घेऊ का? नुसतं हात?" आबा जाळाकडं बघतच म्हणाले, "हात घे. त्वांड नगं."

तिनं हात घेतले. शिरा वर आलेले, मागावर करंगळीचं पेर गेलेलं, जाळाच्या उजेडात. कातडं ताणत ताणत गेलं. त्यांनी शेवटी टिपरू घेतलं आणि एकच ठोका दिला. एकच. कातडं कितपत आलंय ते बघायला. मग हलगी धाकट्या भावाच्या हातात दिली आणि आत जाऊन आडवे झाले.

सिनेमात तो ठोका शेवटी आहे. माझी कविता नाही. पोरांनी काढून टाकली. आयटीआयचा पोरगा अवघडून म्हणाला, "दादा, राग नको मानू, पर ह्याच्यावर बोललेलं काय बरं वाटत न्हाई." राग आला होता. तीन रात्रपाळ्या घातलेल्या. मग बघितलं आणि गप्प झालो. आमच्या खात्यात सगळे साचे एकदम बंद पडतात तेव्हा कानात जशी शांतता भरते, तशी त्या ठोक्यानंतर होती. तिथं माझे शब्द बसत नव्हते.

१ ऑगस्टला संध्याकाळी भुरभुर पाऊस. समाजमंदिराच्या भिंतीला आत्याच्या पोराचं चित्र लावलेलं. सुताचे कोन ज्या खोक्यांतून जातात त्यांचे पुठ्ठे जोडून त्यानं भिंतीएवढं केलेलं. तीच वरात. या वेळी घोड्यावरच्या नवऱ्याला चेहरा नाही, नाचणाऱ्यांना चेहरा नाही. पुढच्या वाकलेल्या माणसाला तेवढा आहे. शेजारच्या बाईनं बघून विचारलं, "बाकीच्यांची त्वांडं राहिली व्हय रं काढायची?" तो म्हणाला, "आता त्यांची राहू दे."

सिनेमा अकरा मिनिटांचा झाला होता. मंडळातली माणसं मागं उभी. एक-दोघांनी पाच मिनिटांत घड्याळ बघितलं. बाया आपापले हात ओळखून एकमेकींना ढोसत होत्या. शेवटचा ठोका आला आणि चादर काळी झाली. कुणीतरी अंधारात म्हणालं, "म्होरं?" म्होरं काही नव्हतं. मग मिरवणूक निघाली आणि डीजे लागला. पोरंही नाचली. मीही नाचलो. उगीच खोटं कशाला सांगू.

आबा आले नव्हते. रात्री मी घरी गेलो तेव्हा अंथरुणावर बसून होते. रात्रपाळी होती, मी डबा भरून घेत होतो. डीजेचा आवाज खोलीतल्या भांड्यांना कापरं भरवत होता. पोतं खिळ्याला नव्हतं. हलगी उघडीच टांगलेली होती, कातडं भिंतीकडं करून.

मी चप्पल घातली तसे आबा म्हणाले, "आवाज कसा आल्ता रं त्यात?"

"कशाचा?"

"ठोक्याचा."

"चांगला आल्ता."

"फाटला न्हाई न्हवं?"

"न्हाई आबा. फाटला न्हाई."

ते बरं म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून झोपले. मी सायकल काढली.